उल्काबाबांचं जिवंत अंडं

पहिल्या पाळीचा भोंगा झाला की आमच्या हॅचरीच्या, म्हणजे अंडी उबवायच्या कारखान्याच्या, फाटकातून बायकांचा लोंढा घराकडे धावतो. कुणाचं दूध नासत असतं, कुणाची सासू. त्या आठवड्यात मात्र लोंढा उलट्या बाजूला वळला. खाद्याच्या गोदामाला लागून युनियनचा जुना हॉल आहे. एरवी तिथे मोडक्या खुर्च्या आणि कबुतरं राहतात. आता तिथे उल्काबाबा उतरले होते आणि कबुतरांची रवानगी पत्र्यावर झाली होती.

हॉलच्या सगळ्या खिडक्यांना काळे पडदे. आत शिरलं की आधी काही दिसायचंच नाही, आणि काही दिसेनासं झालं की माणूस आपोआप कुजबुजायला लागतो. मग समोर एक बारीक निळा दिवा, त्याखाली मखमलीची गादी आणि गादीवर ते. कलिंगडाएवढं, राखाडी, खडबडीत अंडं.

"डायनासोरचं शेवटचं अंडं!" बाबांचा आवाज लाउडस्पीकरमधून यायचा. बाबा पांढऱ्या सुटात असायचे. दाढी मात्र जुन्या पद्धतीची. "किती वर्षांचं?"

"साडेसहा कोटी!" गर्दी म्हणायची. दोन दिवसांत पाठ झालं होतं.

"आणि अजून?"

"जिवंत!"

"डायनासोर मेले कशानं? शास्त्रज्ञांना विचारा. एक म्हणतो दगड पडला. दुसरा म्हणतो ज्वालामुखी फुटला. तिसरा म्हणतो थंडी वाजली." इथे हशा. "अहो शहाण्यांनो, आधी तुमचं आपसात ठरू द्या, मग आम्हाला शिकवा! मी सांगतो कशानं मेले. अहंकारानं! एवढी मोठी जनावरं, पण मान कधी वाकली नाही. तारा कोपला, त्याची आग उतरली, सगळे खाक. एकच अंडं नम्र होतं. ते वाचलं!"

अंडं नम्र कसं असतं, हे विचारायची मला फार इच्छा झाली. मी पिल्लं पेटीत भरायच्या खात्यात आहे. इतक्या वर्षांत हजारो अंडी पाहिली, त्यांतलं एकही मला उद्धट वाटलेलं नाही.

मग एकेकाला पुढे बोलावत. गादीपाशी बसायचं, अंड्याच्या माथ्यावर तळहात ठेवायचा, डोळे मिटायचे. अंडं कोमट असायचं. आणि थोड्या वेळानं आतून यायचं, धक्‌… धक्‌… धक्‌.

आमच्या खात्यातल्या काकूंनी हात ठेवला आणि त्या ओक्साबोक्शी रडल्याच. "धडधडलं गं बाई! माझ्या हाताखाली धडधडलं!"

माझी पाळी आली. मी हात ठेवला. कोमट होतं, पण आत शुकशुकाट. मी डोळेही मिटले नाहीत. समोर बाबांचा चेला खांबाला टेकून, पँटच्या खिशात हात घालून माझ्याकडे बघत उभा होता. मीही त्याच्याकडे बघितलं.

"या ताईंच्या मनात शंका आहे," बाबा लाउडस्पीकरवर म्हणाले. "शंकेच्या हाताखाली काळीज गप्प होतं."

सगळा हॉल च्‌ च्‌ करून माझी कीव करायला लागला. मागून माझी धाकटी बहीण कानाशी फुसफुसली, "घालवलीस ना लाज! तरी सांगत होते, डोळे मिट म्हणून."

धाकटीचं काम वेगळं. ती तपासणीच्या अंधाऱ्या खोलीत असते. उबवायला ठेवलेली अंडी काही दिवसांनी तिच्यापुढे येतात. ती एकेक अंडं दिव्यावर धरते. उजेड कवचातून आरपार जातो आणि आतलं दिसतं. जीव धरला असेल तर कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा आणि मध्ये लुकलुकणारा ठिपका. ती बघते आणि मोठ्यानं सांगते, "जिवंत." "जिवंत." "रिकामं." "जिवंत." "गेलं." शेजारची बाई त्याप्रमाणे ट्रे वेगळे करते. धाकटीचा शब्द शेवटचा. सुपरवायझर एकदा तिच्याशी वाद घालायला गेला होता. तिनं अंडं दिव्यावर धरून त्याचीच मान तिथे वाकवली, "बघा, साहेब. दिसलं? मग जा."

अशी ही बाई. आणि तीच अंधारात डोळे मिटून बसली होती, याचं कारण तिची मुलगी. आमची भिंगरी.

भिंगरी तेरा वर्षांची. तिला लहानपणापासून फिट्स येतात. हॉस्पिटलच्या डॉक्टरीणबाईंनी रोज दोन वेळा गोळी लावून दिली आहे. गोळीनं झटके पुष्कळ कमी झाले, गेले नाहीत. अधूनमधून एखादा येतोच. शाळेतल्या पोरी तिच्या बाकावर बसत नाहीत. गोळीनं सकाळी तिचे डोळे जड असतात आणि मास्तर तिला झोपाळू म्हणतात.

बाबांकडे यावर उपाय होता. त्या अंड्याच्या कवचाचा टवका कुटून केलेलं 'कवचभस्म', पुडीत बांधलेलं. अट एकच. "दोन आगी एका घरात नांदत नाहीत. भस्म सुरू, की दुसरं औषध बंद."

मला हे भिंगरीनंच सांगितलं. संध्याकाळी ओट्यापाशी मी भांडी विसळत होते, ती पुसत होती.

"मावशी, आई मला गोळी देत नाही आता."

माझ्या हातातलं पातेलं खाली आपटलं. "कधीपासून?"

"परवापासून. भस्म देते. खडूसारखं लागतं."

"तू काही बोलली नाहीस?"

"म्हटलं, आई, हा खडूच असेल. तर म्हणाली, जीभ आवर, नाहीतर गुण येणार नाही." भिंगरी ताट पुसत राहिली. "मावशी, पण अंडं इतकं जुनं असेल तर त्याचा दगड झालेला असणार ना? दगडाला काळीज कुठलं?"

धाकटी आत कपडे घड्या घालत होती. मी दारात जाऊन उभी राहिले.

"गोळ्या कुठायत पोरीच्या?"

"आहेत."

"डब्यात नाहीत."

"मग नसतील."

"अगं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं होतं? अचानक बंद केल्या तर…"

"डॉक्टरीणबाई, डॉक्टरीणबाई! वर्षानुवर्षं गोळ्या घातल्या पोटात. बरी झाली?"

"आणि खडूनं होणार आहे?"

तिनं हातातला फ्रॉक खाली ठेवला. "ताई, तू तिला पडताना पाहिलंयस. मी ती पडायची वाट बघत जगते. आंघोळीला गेली की मी बादलीचा आवाज ऐकत बसते. आवाज थांबला की माझं काळीज थांबतं. एक माणूस म्हणतो, बरी होईल. तुमच्यातलं कुणी म्हणतं का तसं?"

डॉक्टर 'बरी होईल' म्हणत नाहीत, 'आटोक्यात राहील' म्हणतात. खरं बोलणाऱ्याची हीच तर पंचाईत आहे. त्याचं बोलणं नेहमी खोटं बोलणाऱ्यापेक्षा तोकडं पडतं.

मी परत ओट्यापाशी आले. भिंगरीनं हळूच विचारलं, "मग डायनासोर खरे कशानं मेले?"

शाळा माझी अर्धी राहिली, वाचनालय नाही राहिलं. मला ठाऊक होतं तेवढं मी सांगितलं, आणि आतल्या खोलीत ऐकू जाईल अशा बेतानं सांगितलं.

"आकाशातून एक दगड पडला. आपलं अख्खं गाव झाकून उरेल एवढा. तो आदळला तिथे मोठ्ठा खड्डा झाला. तो खड्डा सापडलाय, अर्धा समुद्राखाली आहे. दगडाची राख नि धूळ सगळ्या पृथ्वीभर उडाली. सूर्य झाकला गेला. ऊन नाही म्हणून झाडं मेली. झाडं नाहीत म्हणून पाला खाणारे मेले. मग त्यांना खाणारे मेले."

"कुणी पाहिलं?"

"कुणी नाही. पण ती धूळ खाली बसली ना. त्या काळच्या खडकांत जगभर मातीचा एक पातळ थर सापडतो. त्यात इरिडियम नावाचा धातू आहे. जमिनीवर तो औषधालाही मिळत नाही, आणि आकाशातून पडणाऱ्या दगडांत पुष्कळ असतो. थराच्या खालच्या खडकांत डायनासोरांची हाडं आहेत. वरच्या खडकांत नाहीत."

"आणि ज्वालामुखी?"

"तेही खरं आहे. त्याच सुमाराला लाखो वर्षं जमिनीतून लाव्हा वाहत होता, विषारी वायू येत होते. जनावरं आधीच टेकीला आली असतील. दगडानं किती मारले नि ज्वालामुखीनं किती, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात."

"म्हणजे बाबा म्हणतात तसं, त्यांनाही नक्की माहीत नाही?"

"भांडतात, पण खडक पुढ्यात ठेवून भांडतात. तुझी आई आणि सुपरवायझर एखाद्या अंड्यावरून भांडले की काय करतात?"

"दिव्यावर धरतात."

"झालं तर मग. बाबांचं कुणाशी भांडण नाही, कारण ते काही दिव्यावर धरूच देत नाहीत. आणि अहंकार म्हणे! बहुतेक बिचारे पाला खाऊन जगणारे. शिवाय सगळे मेलेही नाहीत. लहानसे, चोचीचे, पडलेले दाणे टिपून राहिलेले काही वाचले. त्यांचीच ही सगळी पाखरं. कोंबडीसुद्धा त्याच घराण्यातली."

भिंगरीचा हात थांबला. "म्हणजे आई रोज डायनासोर तपासते?"

"हजारोंनी."

ती खिदळायला लागली. आतून आवाज आला, "पुरे झालं शास्त्र! भांडी आवरा."

दोन दिवसांनी भिंगरी शाळेच्या पायऱ्यांवर पडली. बऱ्याच महिन्यांत आला नव्हता असा मोठा झटका होता. हनुवटी फुटली, टाके पडले. डॉक्टरीणबाई टाके घालताना खालमानेनं म्हणाल्या, "गोळ्या चालू आहेत ना?"

"आहेत," धाकटी म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं. "असं बघा, या गोळ्या एकदम बंद केल्या तर कधीकधी झटका थांबतच नाही. मग माझ्यापर्यंत आणायलाही वेळ मिळत नाही. आणि घरी आला तर काय करायचं, लक्षात आहे? तोंडात काही घालायचं नाही, दाबून धरायचं नाही. कुशीवर वळवायचं, आणि थांबेपर्यंत शेजारी बसायचं. लांबला तर तडक इथे."

मी तोंड उघडणार, तोच धाकटीनं माझा हात इतका घट्ट दाबला की बांगडी रुतली. व्हरांड्यात आल्यावर मी मागे वळले, परत आत गेले आणि डॉक्टरीणबाईंना खरं ते सांगितलं. त्यांनी धाकटीला आत बोलावलं. पाऊण तास समजावलं. धाकटी मान डोलावत राहिली. बाहेर आल्यावर थेट हॉलकडे गेली.

बाबांना टाके दाखवल्यावर ते प्रसन्न झाले. "उत्तम! विकार बाहेर पडतोय. रविवारी महादर्शन आहे. मुलीला आणा. सगळ्यांसमोर तिच्या हाताखाली अंडं धडधडेल, आणि तिच्या उरलेल्या गोळ्या सगळ्यांसमोर कचऱ्यात जातील."

पोरीची हनुवटी फुटली, यांना जाहिरात मिळाली.

त्या दोन दिवसांत मी धाकटीला काय काय म्हणाले ते लिहीत नाही. तिनंही मागं काही ठेवलं नाही. गोळी भिंगरीला मी चोरून द्यायला गेले, तर धाकटीनं पोरीला शपथ घातली होती. "मावशी, मी खाल्ली आणि आई म्हणाली खाल्लीस का, तर मला खोटं बोलता येत नाही," भिंगरी म्हणाली.

शनिवारी संध्याकाळी धाकटी स्वतःहून माझ्याशेजारी येऊन बसली.

"ताई, हसणार नसशील तर सांगते."

"सांग."

"ते अंडं कुणी फिरवत नाही गं."

इथे थोडं सांगायला हवं. उबवणीतलं अंडं सारखं फिरवावं लागतं. कोंबडी ते चोचीनं करते, आमच्याकडे यंत्र करतं. एका कुशीवर पडून राहिलं तर आतलं पिल्लू कवचाला चिकटतं आणि मरतं. वीज गेली, यंत्र थांबलं, की आमच्या बायका ताटावरून उठून धावतात आणि हातानं ट्रे कलते करतात. आमच्याकडे रडणारं मूल एकवेळ तसंच राहील, अंडं एका कुशीवर राहणार नाही.

"मी रोज बघते," धाकटी म्हणाली. "त्याच्या माथ्यावर एक काळा डाग आहे, तो कायम वरच असतो. मी त्या चेल्याला म्हटलं, दादा, जरा कूस बदला, तर खेकसला अंगावर. एवढा कोवळा जीव आत, साडेसहा कोटी वर्षं तग धरलेला. आता यांच्या हलगर्जीपणानं जायचा. मला झोप लागत नाही."

मी तोंड उघडलं. जिभेवर दहा टोमणे तयार होते. आणि आयुष्यात पहिल्यांदा शहाण्या बाईसारखं तोंड मिटलं.

"खरं आहे तुझं," मी म्हटलं. "उद्या महाराजांनाच सांग. अंड्यातलं तुझ्याएवढं कुणाला कळतं?"

रविवारी हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. तिन्ही पाळ्यांच्या बायका, त्यांचे नवरे, सुपरवायझर सहकुटुंब. गादीशेजारी एक कचऱ्याची बादली ठेवली होती. तिच्यात लोकांनी आपापली औषधं आधीच टाकली होती. रक्तदाबाच्या गोळ्या, मधुमेहाच्या गोळ्या, कुणाचा दम्याचा पंप. भिंगरी गादीपाशी बसली होती, हनुवटीला पट्टी, मांडीवर गोळ्यांची डबी.

"ही बालिका!" बाबा गरजले. "विज्ञानानं हिला काय दिलं? झोप! आता ताऱ्याची आग हिच्यातला विकार…"

"महाराज," धाकटी उठून उभी राहिली. हात जोडलेले. "एक विनंती होती."

"बोला, माउली."

"अंडं फिरवायला हवं."

बाबांना कळलंच नाही. "काय करायला हवं?"

"कूस बदलायला हवी हो. मी आठ दिवस बघतेय, एकाच अंगावर आहे."

बाबा गोड हसले. "माउली, ते साडेसहा कोटी वर्षं असंच आहे."

"साडेसहा कोटी वर्षं एका कुशीवर?" धाकटीचा आवाज चिरकला. "अहो, चिकटलं असेल ते!"

आणि हॉलमध्ये मागून पुढपर्यंत कुजबुज सरकत आली. "खरंच की." "मी पण तेच म्हणत होते." "फिरवायलाच हवं." "यांना कुणी सांगितलं नाही वाटतं?" काकू तर खुर्चीवर चढल्या, "महाराज, तिला करू द्या, तिचा हात हलका आहे!"

बाबा बऱ्याच गावांत गेले असतील. शंकेखोरांना कसं गप्प करायचं, ते त्यांना पाठ होतं. पण इथे कुणाला शंका नव्हतीच. सगळ्यांची श्रद्धा होती, आणि सगळ्यांना पिल्लाची काळजी लागली होती. काळजीवाल्यांना गप्प करायचं कसं, हे त्यांच्या पोतडीत नव्हतं.

"उद्या! उद्या मुहूर्त पाहून…" बाबा म्हणेपर्यंत धाकटी गादीपाशी पोचली. चेला पुढे धावला, पण मध्ये आमच्या बायकांची भिंत उभी राहिली होती. धाकटीनं दोन्ही तळवे अंड्याखाली घातले आणि रोजच्या सवयीनं, एका झोकात, त्याची कूस बदलली.

आत काहीतरी खडखडत घसरलं. खट्‌.

पुढच्या रांगेतल्या बायका उठून उभ्या राहिल्या.

"अगं बाई," धाकटी पुटपुटली. "सुटलं की काय?"

वर आलेली बाजू कुणी पाहिलेली नव्हती. ती गुळगुळीत होती, पिवळट, रंग न लावलेली. राखाडी खडबड तिथे येऊन एकदम संपत होती. पण धाकटीला तेव्हा बाजू दिसत नव्हती. तिला पिल्लू दिसत होतं. तिनं कमरेच्या पिशवीतून तपासणीचा हातदिवा काढला, तो सुट्टीलाही तिच्याजवळ असतो.

"उजेड नको!" बाबा ओरडले. "उजेडानं पिल्लाला धोका आहे!"

"काही होत नाही हो उजेडानं!" पन्नास बायका एका सुरात म्हणाल्या. "रोज करतो आम्ही!"

अंधार तर बाबांनीच करून ठेवला होता. अगदी आमच्या तपासणीच्या खोलीसारखा. धाकटीनं दिवा त्या गुळगुळीत बाजूला टेकवला, आणि ती सगळी बाजू आतून नारिंगी उजळली.

"आई," भिंगरी स्पष्ट आवाजात म्हणाली, "दगडातून उजेड जात नाही."

धाकटी वाकून बघत होती. दिवा हळूहळू फिरवत होती. शिरा नव्हत्या. लुकलुकणारा ठिपका नव्हता. कोपऱ्यात कलंडलेली एक चौकोनी सावली, तिला बांधलेली वायर आणि खाली थैलीसारखं काहीतरी. हे मलाही मागून दिसलं, सगळ्यांनाच दिसलं. पण सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. आमच्याकडे तिचा शब्द शेवटचा.

ती सरळ झाली. कामावर म्हणते त्याच आवाजात, ट्रे वेगळा करणाऱ्या बाईला ऐकू जाईल असं म्हणाली,

"रिकामं."

त्याच क्षणी अंडं धडधडायला लागलं. धक्‌, धक्‌, धक्‌. चेल्यानं घाबरून खिशातलं बटण दाबलं होतं.

"दादा, खिशातला हात काढा ना," भिंगरी म्हणाली. काकूंनी तो मनगटाला धरून बाहेर काढलाच. हातात फोन. काकूंनी बटण दाबलं, अंडं गप्प. दाबलं, अंडं सुरू. काकू तीन-चारदा दाबून बघत राहिल्या. त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

धाकटीनं अंगठ्याच्या नखानं सांधा शोधला आणि अंडं उघडलं. फायबरची दोन अर्धुकं, वरून वाळू चिकटवून रंगवलेली. आत एक जुना फोन, सुट्या पत्र्यावर बांधलेला, म्हणजे थरथरला की ठोका पडल्यासारखा वाटावा. शेजारी शेकायची गरम पिशवी. जो डोळे मिटेल, त्याच्या हाताला ठोका. माझ्यासारखीला शुकशुकाट. एवढंच होतं ते साडेसहा कोटी वर्षांचं काळीज.

"हे प्रतीक आहे!" बाबा म्हणाले. "मूळ अंडं सुरक्षित ठिकाणी…"

"आणि भस्म?" मी विचारलं.

सुपरवायझरनं पुडी सोडून बोटावर घेतली, वास घेतला आणि खाली मान घालून म्हणाला, "शिंपल्यांची पूड आहे ही. आपल्याच गोदामातली. कोंबड्यांच्या खाद्यात घालतो आपण, कवच घट्ट व्हावं म्हणून." गोदाम भिंतीला लागून होतं. बाबांना लांब जावंही लागलं नव्हतं. आठ दिवस अख्खं गाव कोंबड्यांचं खाद्य हात जोडून घेत होतं, आणि त्याचे कोंबडीपेक्षा जास्त पैसे मोजत होतं.

सुपरवायझरनं बोलावलेले पोलीस येईपर्यंत बायकांनी दार धरलं. बाबांना आता मान वाकवायची चांगली सवय झाली होती.

धाकटी त्या बादलीपाशी बसून एकेकाची औषधं ओळखून परत देत होती. "हा पंप तुमचा ना, काका? घ्या." सगळ्यांचं देऊन झाल्यावर तिनं भिंगरीच्या मांडीवरची डबी उघडली, एक गोळी काढली, पाणी मागितलं. गोळी भिंगरीच्या तळहातावर ठेवून तिनं पेला स्वतः तिच्या तोंडाला लावला. मग आम्ही तिघी हॉस्पिटलात गेलो. डॉक्टरीणबाईंसमोर धाकटी म्हणाली, "मी खोटं बोलले होते." डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. तपासलं, डोस बदलला, सकाळच्या झोपेवर वेगळी गोळी सुचवली. ही तक्रार त्यांना आजवर कुणी सांगितलीच नव्हती.

काकूंनी मला दुसऱ्या दिवशी पेट्या भरताना विचारलं, "मग माझ्या हाताखाली धडधडलं, ते?"

"फोन होता, काकू."

"हो, कळलं ते." पुढची पेटी ओढत त्या म्हणाल्या, "पण बरं वाटलं होतं गं." आणि पिल्लं पेटीत ठेवायला लागल्या. त्यांना मी हसले नाही. हसायचं त्या बरं वाटण्याचा धंदा करणाऱ्याला.

तर वाचणाऱ्यांनो, एवढंच सांगायचं आहे. तुमच्याकडे येईल तेव्हा ते अंडं नसेल. पाणी असेल, खडा असेल, फोटोतून गळणारी राख असेल. 'शास्त्रज्ञांचं आपसात ठरत नाही' हेही ऐकवलं जाईल. मग विचारा, तुमचं दिव्यावर धरू देता का? पुरावा पुढ्यात ठेवून भांडणारा माणूस चुकला तरी उद्या दुरुस्त होतो. अंधार करून, डोळे मिटा म्हणणारा कधीच चुकत नाही, आणि तिथेच ओळखा. रोजच्या कामात तुम्ही जी अक्कल वापरता, कापड घेताना, भाजी घेताना, मशीनचा आवाज ऐकताना, तीच देवाच्या नावानं आलेल्या माणसासमोरही वापरा. ती चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवायची वस्तू नाही. आणि औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

भिंगरीला पुढे एकदा झटका आला. खोटं कशाला सांगू, गोळी चमत्कार करत नाही. सकाळची वेळ होती, मी भाकरी थापत होते. आत धप्प आवाज झाला. मी धावले, तर धाकटी माझ्याआधी पोचली होती. तिनं पोरीच्या तोंडात काही घातलं नाही, दाबून धरलं नाही, कुणाच्या नावानं हाक मारली नाही. तिनं दोन्ही तळवे भिंगरीच्या पाठीखाली घातले आणि रोजच्या सवयीनं, हलक्या हातानं, तिची कूस बदलली. मग घड्याळाकडे बघत शेजारी बसून राहिली. थोड्या वेळानं भिंगरीनं डोळे उघडले.

धाकटी माझ्याकडे न बघता म्हणाली, "जिवंत."